रोटर गुरुजींच्या खिशात होता

या सदरात लिहिणारा प्रत्येक जण आधी सांगतो की माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. माझ्या बाबतीत तो अविश्वास छापील आहे. 'भूत दाखवा, आम्ही गाव सोडतो' हे पत्रक अकोला जिल्ह्याच्या आमच्या भागात बऱ्याच हातांतून फिरलं. ते मी लिहिलं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी. वडिलांनी छप्पन साली घरातले देव नदीत सोडले आणि भिंतीवरच्या मोकळ्या खिळ्यांना गुरुजींची पत्रकं अडकवली. मी वाचायला शिकलो तो त्या पत्रकांवर.

गुरुजी म्हणजे आमच्या गावच्या शाळेतले मास्तर, आमच्याच वस्तीतले. गाव वाशीम-रिसोड रस्त्यापासून चार मैल आत. पुराव्याशिवाय एक शब्द बोलायचा नाही, समोर कोणीही असो — हे त्यांनी मला शिकवलं. हा अनुभव त्यांच्याबद्दलचा आहे. भुताबद्दलचा नाही... निदान मला तसं वाटत नाही.

दुष्काळानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यातली गोष्ट. गावच्या गायरानावर आमची अकरा कुटुंबं कित्येक वर्षं पेरत होती. ती जमीन त्यांच्या नावावर करायची की त्यांना उठवायचं, याची सुनावणी वाशीमच्या तहसील कचेरीत होती. तीन तारखा हुकल्या होत्या. चौथ्या तारखेला सकाळी अकराला साक्षीदार हजर नसेल तर अर्ज कायमचा निकाली, असं तहसीलदार साहेबांनी लेखी कळवलं होतं. साक्षीदार एकच — मथामाय. गायरानात पहिली कुदळ तिनं आणि तिच्या नवऱ्यानं मारली होती. नवरा वारला, आणि तिचे गुडघे गेले. चार मैल चालून एस.टी. गाठणं तिच्याच्यानं होणार नव्हतं. तिला नेणार होती या जमिनीसाठी आम्ही काढलेल्या समितीची जीप.

ही जीप म्हणजे सांगाडा मिलिटरीच्या लिलावातला आणि इंजिन एका मोडीत निघालेल्या मोटारीचं. ते बसवलं रिसोडच्या रहीम मिस्त्रींनी. इंजिनात डिस्ट्रिब्युटर नावाचा भाग असतो, कोणत्या क्षणी कोणत्या प्लगला ठिणगी द्यायची ते तो ठरवतो. रहीमभाई त्याला इंजिनाचं डोकं म्हणत. जुनं डोकं झिजून गेलं, तेव्हा त्यांनी अकोल्याच्या भंगारातून दुसरं आणून बसवलं होतं. त्याच्या टोपणाखाली रोटर फिरतो — अंगठ्याएवढा तपकिरी तुकडा, वर पितळी पट्टी; तो नसेल तर ठिणगी प्लगपर्यंत पोचतच नाही. आमच्या डोक्याचा मूळ रोटर फुटका होता, म्हणून रहीमभाईंनी दुसऱ्या गाडीचा घेतला, आणि तो दांड्यावर ढिला पडू नये म्हणून आत सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून घातली. हे मी शेजारी उभं राहून पाहिलं होतं. असा रोटर जगात एकच होता, हे एवढ्यासाठी सांगतो.

सुनावणीच्या आदल्या दिवशी जीप गुरुजींच्या अंगणात होती. सुनावणीच्या सकाळी ते पहिल्या एस.टी.नं पुढे गेले — "मी वकिलाले गाठतो, तुमी म्हातारीले घेऊन या." रहीमभाई आठला आले, स्टिअरिंगवर बसले, आणि गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. असं ती कधी करत नसे.

"काय खाऊ घातलं रे हिले?" रहीमभाईंनी विचारलं.

मथामाय मागे गोधडीवर बसली होती. "माह्यापेक्षा कमी खोकलून राह्यली आज," ती म्हणाली.

वाशीमपर्यंत एकदाही अडखळली नाही. सव्वादहाला आम्ही कचेरीच्या आवारात होतो. बंद केली तर पुन्हा धरेल न धरेल म्हणून रहीमभाईंनी इंजिन चालूच ठेवलं, आणि मी मथामायला उतरवायला लागलो.

गुरुजी व्हरांड्यात कारकुनाजवळ उभे होते. त्यांनी जीपकडे पाहिलं. इतकी वर्षं मी त्यांना पाहतो आहे, तो चेहरा मी पाहिला नव्हता.

कारकून हसत होता. "काय गुरुजी, म्हातारी येऊ शकत नाही म्हणत होते ना तुमी? करा आता सही हजेरीवर."

गुरुजींनी खिशातून पेन ओढलं. पेनासोबत एक तुकडा निघून फरशीवर पडला. तपकिरी, वर पितळी पट्टी, आतून चांदी चमकत होती. त्यांनी तो उचलून परत खिशात टाकला. मी दहा पावलांवर होतो. माझ्या पाठीमागे जीपचं इंजिन चालूच होतं.

मला वाटलं, मी चुकीचं पाहिलं. मथामायला आत नेलं. तिनं साक्ष दिली, उलट तपासणीत समोरच्या वकिलाला म्हणाली, "बापा, तू जलमला नव्हता तवापासून मी तिथं निंदून राह्यली." तिच्या अंगठ्याचा ठसा कागदावर उमटला तेव्हा मी बाहेर आलो. रहीमभाई स्टिअरिंगवरून हललेच नव्हते. त्यांनी इंजिन बंद केलं, पुन्हा किल्ली फिरवली. सेल्फ फिरला, इंजिन धरेना. बॉनेट उघडलं. टोपणाच्या दोन्ही क्लिपा पक्क्या लावलेल्या. त्यांनी त्या काढून टोपण उचललं.

आत नुसता दांडा होता.

"या अल्ला," ते हळूच म्हणाले. "भाऊ, आपण आलो कसे?"

त्यांनी बाजारातून कसाबसा एक रोटर मिळवला आणि घासूनपुसून बसवला. मथामायला घेऊन आम्ही परतलो. गुरुजी एस.टी.नंच परतले.

त्या संध्याकाळी निळ्या झेंड्याखाली सभा भरली. लोक खुशीत होते, बायांनी जीपच्या बॉनेटवर हार घातला होता. मी उभा राहिलो आणि सांगितलं की गाडी बंद पाडायला गुरुजींनी रोटर काढला होता, तो मी त्यांच्या खिशात पाहिला. मग मागून एकानं विचारलं, "मंग गाडी वाशीमले गेली कशी गा?"

गुरुजी रागावले नाहीत. वर्गात विचारायचे तसं त्यांनी विचारलं, "मिस्त्री, बिना रोटरची गाडी चालते का?"

"नाही चालत, गुरुजी."

"दोन फर्लांग?"

"एक हात बी नाही."

"मंग सकाळी आत रोटर होता का नव्हता?"

रहीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलणारा माणूस नाही तो. "असलाच पाहिजे," ते म्हणाले.

"कचेरीच्या गर्दीत चोरला असन कोणी," गुरुजी लोकांना म्हणाले. "पोरगं थकलं आहे. पुरावा पाहून बोलत जाय, बापू."

लोक हसले. मथामायनं माझा हात ओढून मला खाली बसवलं. "बाबासाहेबानं आणली गाडी," ती म्हणाली. "कायले भांडतं?"

गुरुजींना दोषी ठरवायचं तर गाडी रोटरशिवाय चालली असं मला भर सभेत म्हणावं लागत होतं. 'भूत दाखवा' लिहिणाऱ्या मला. आणि गाडी तशी चालत नाही म्हणावं, तर त्यांनी काही केलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्यांना एकटं गाठलं. ते पोरांच्या पाट्या रचत होते.

"तुमीच काढला होता."

"हो," ते म्हणाले. "आदल्या सांजेले."

"काहून?"

गायरानावर डोळा असलेल्या पाटलानं त्यांच्या मुलाला सोसायटीत नोकरीला लावून देतो म्हटलं होतं. "मले वाटलं, एक तारीख हुकन. म्हातारी पुढच्या खेपेले जाईन."

"पुढची खेप नव्हतीच, गुरुजी. ते पत्र तुमीच तर वाचून दाखवलं होतं आम्हाले."

ते हातातली पाटी पुसत राहिले, ती कोरी होती तरी. मग म्हणाले, "मी का केलं ते मी सांगितलं. गाडी कशी गेली ते तू सांग."

मला सांगता आलं नाही. आजही येत नाही.

अकरा कुटुंबांना जमीन मिळाली. आभाराच्या ठरावात पहिलं नाव गुरुजींचं आहे आणि तो ठराव मीच लिहिला, कारण दुसरं कोणी लिहिणारं नव्हतं. रस्त्यात भेटले की ते जय भीम म्हणतात, मीही म्हणतो. नवं पत्रक मात्र त्यानंतर एकही लिहून झालेलं नाही.

इंजिनाची माहिती असलेल्या अनेकांना मी विचारून पाहिलं आहे. सगळे एकच सांगतात — रोटर आतच असणार, तुम्ही भलतंच काही पाहिलं असणार. पटण्यासारखं आहे. मीही दुसऱ्या कोणाला हेच सांगितलं असतं. फक्त हे मान्य केलं की गुरुजी निर्दोष ठरतात, आणि त्या पाट्यांजवळ मला 'हो' कोण म्हणालं, ते मला कळेनासं होतं.