बेबीताईंचा बसलेला आवाज

आमच्या ऑफिसात बेबीताई आधी ऐकू यायच्या आणि मग दिसायच्या. बार्शीटाकळीच्या बाजारात मेथीच्या, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या विकून विकून कमावलेला तो आवाज. आमचे धर्मेंद्र सर एकदा तिथे भाजी घ्यायला थांबले होते. या बाईने एका गिऱ्हाइकाला वांग्यावरच्या अळीचा इलाज असा काही समजावला, की सरांनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "ताई, फोनवर शेतकऱ्यांशी बोलाल का?"

आमचं काम तेवढंच. बियाण्याच्या कंपनीचं सल्ला केंद्र आहे. शेतकरी फोन करतो, तज्ज्ञांनी दिलेलं उत्तर समोरच्या पडद्यावर येतं, ते आम्ही सांगतो. मी साधना, बेबीताईंच्या शेजारच्या खुर्चीतली. मी अगदी शुद्ध सांगायची आणि पलीकडून यायचं, "त्या दुसऱ्या बाईले द्या ना फोन." राग यायचा. अजूनही येतो, खोटं कशाला बोलू?

ऑफिस अकोल्याच्या जुन्या शहरात, कापसाच्या एका जुन्या जिनिंगच्या सरकीच्या गोदामात. आता तिथे काचा, गालिचा, एसी आणि डोक्यावर पांढरंशुभ्र फॉल्स सीलिंग. हे सीलिंग म्हणजे धर्मेंद्र सरांचा जीव की प्राण. पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला मान वर करून ते बघावं लागे. मे महिन्यात बाहेर डांबर वितळायचं आणि आत आम्ही शाली पांघरून बसायचो. एकच खोट होती. डबा खाल्ला की अख्खा हॉल जांभया द्यायचा, डोकी जड व्हायची. सर म्हणायचे, "वांगी कमी खात जा."

त्यातच बेबीताईंचा आवाज बसायला लागला. आधी दुपारनंतर, मग सकाळपासूनच. रविवारी घरी, मळ्यात असल्या की सुटायचा आणि सोमवारी ऑफिसात आल्या की पुन्हा बसायचा. डॉक्टर म्हणाले, घशाला धुळीचा त्रास आहे, धुळीपासून जपा. बाईने ते फारच मनावर घेतलं. एसटीत तोंडाला पदर, ऑफिसच्या अंगणात पाऊल नाही, डबासुद्धा खुर्चीतच. "बाहेर भल्ली धूळ आहे माय, मी आपली आतच बरी," असं म्हणत त्या दिवसभर हॉलमध्ये बसून राहायच्या आणि आवाज आणखी खोल जायचा.

अशात वरून निरोप आला. पुढच्या महिन्यापासून फोनवर माणसाऐवजी मशीनचा आवाज लावायचा विचार आहे. धर्मेंद्र सर भांडले, तेव्हा कुठे एवढं ठरलं की गुरुवारी नागपूरचे मोठे साहेब येतील आणि बेबीताईंना ऐकतील. पटलं तर त्या राहतील, नाही तर मशीन. सोमवारी बेबीताईंनी पहिला फोन उचलला आणि तोंडातून निघाली ती नुसती हवा. मला या बाईचा कितीही राग येवो, शेजारी मशीन नको होतं.

मंगळवारी सकाळी दारात मैनाबाई उभ्या! बेबीताईंच्या सासू, एसटीने आलेल्या, पदरात मीठ, मोहऱ्या आणि मूठभर लाल मिरच्या.

"माया सुनेले दृष्ट लागली," त्यांनी जाहीर केलं. "जिथं लागली तिथंच काढा लागते. कोणी मधात येऊ नका."

कोण येणार मध्ये! सगळा हॉल खुर्च्या सोडून गोळा झाला. मी बी.एस्सी. झालेली बाई, मीच धावत जाऊन अंगणातल्या चहाच्या शेगडीतले निखारे आणले. रीत अशी की मिरच्या ओवाळून विस्तवात टाकायच्या. ठसका लागला नाही तर दृष्ट जबर. मैनाबाईंनी ओवाळलं, पुटपुटल्या आणि मूठ मोकळी केली.

ठसका? अहो, प्रळय झाला! एसी जोरात चालू होता, त्याने तो धूर कोपऱ्याकोपऱ्यात सारखा वाटला. सगळे खोकत, डोळे पुसत अंगणात पळालो. रस्त्यावरचे लोक आग लागली म्हणून बादल्या घेऊन आले.

"ठसका आला म्हंजे दृष्ट नाही बाप्पा!" मैनाबाई चक्रावल्या. "मंग झालं काय हिले?"

टपरीवर चहा पिऊन परत गेलो, तर धूर जसाच्या तसा. डबे अंगणात खाऊन गेलो, तरीही आत खोकलाच.

"आमच्या घरी घडीभरात छपराच्या कवेलूतून निघून जाते," मैनाबाई म्हणाल्या. "इथला कावून नाही जाऊन राहिला?"

धर्मेंद्र सर दारात उभे होते. त्यांनी मान वर केली. सीलिंगखाली धूर साचून होता.

"जाईल कुठून?" ते हळूच म्हणाले. "वरचे झरोके मीच बुजवले. एसीची हवा जाऊ नये म्हणून." मग एकदम मोठ्याने, "म्हणजे आपण दिवसभर एकमेकांचाच श्वास घेऊन राहिलो!"

आणि बूट घालूनच ते टेबलावर चढले. झाडूच्या दांड्याने आपल्या लाडक्या सीलिंगचा एक चौकोन त्यांनी वर ढकलला. धबाबा धूळ! सरकीची जुनी धूळ, कापसाची पुंजकी, कबुतरांची पिसं, सगळं सरांच्या अंगावर. एसीची जाळी काढली तर तीही त्याच घाणीने गच्च भरलेली.

"हे पाहा धूळ!" बेबीताई घोगऱ्या कुजबुजीत ओरडल्या. "अन् मी तोंड बांधून बाहेर हिंडून राहिली!"

मग कोणाला धीर? नाकातोंडाला ओढण्या बांधल्या, शिडी आली. सरांनी स्वतः झरोक्यावरची प्लायवूडची फळी उचकटली. उन्हाचा पट्टा थेट हॉलमध्ये पडला आणि धूर त्या दिशेने चालू लागला. गेला, बाहेर गेला! आम्ही टाळ्या पिटल्या, मी तर किंचाळले. इतका आनंद मला माझ्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता.

बुधवारी मजुरांनी गोदाम धुतलं, गालिचा निघाला, झरोक्यात हवा बाहेर फेकणारा पंखा बसला. बेबीताईंना मळ्यात पाठवलं होतं. मैनाबाईंचा सक्त पहारा, एक शब्द बोलायचा नाही. नवरा भगवंतभाऊ, बिचारा, जेवायला काय आहे तेही खुणेने विचारत होता म्हणे.

गुरुवारी साहेब आले. हॉल पूर्वीपेक्षा गरम होता, साहेब घाम पुसत बसले. फोन वाजला. सरांनी स्पीकर लावला. मी बेबीताईंचा पदर घट्ट धरून ठेवला होता. पलीकडे अचलपूरकडचे नत्थुजी होते, त्यांच्या संत्र्याची फळं गळत होती.

बेबीताईंनी छातीभर श्वास घेतला. "रामराम भाऊ! घाबरू नका, सांगतो!"

साहेब खुर्चीत दचकले.

"हळू बोल माय!" नत्थुजी कळवळले. "कान फुटला माया!"

बेबीताईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. त्या आणखी वरच्या पट्टीत म्हणाल्या, "फोन लांब धर ना मंग! मी काई हळू बोलत नाही आता!"