चीक हाटताना

भिजलेल्या गव्हाचा आंबूस वास वैशाखातल्या सकाळच्या उन्हात मिसळला, की सारं अंगण जड होतं. दुष्काळ सरल्यानंतरचा तो पहिलाच वैशाख. घरात पुन्हा कुरडयांपुरता गहू आला होता, माझ्या शाळेला सुट्टी लागली होती, आणि तरीही त्या वासाने मला आनंदाऐवजी थकवाच आला. कारण गव्हाचा चीक एकटीला हाटता येत नाही. एकीने उकळत्या पाण्यात तो धार धरून ओतायचा, दुसरीने लाटण्याने अखंड घोटायचा. आणि ती दुसरी माझ्याकडे नेहमी पारू असायची.

बदनापूरला आमची घरं एका भिंतीची. लग्न होऊन दोघी एकाच वर्षी इथे आलो. दुष्काळात रेशनवर मिळालेल्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी आम्ही एका चुलीवर भाजल्या आणि हसत-रडत खाल्ल्या. पुढे पाऊस झाला, विहिरी भरल्या, आणि पारूचं काय बिनसलं ते देव जाणे. माझ्या घरात कुणी हसलं की ते आपल्यालाच, असं तिला वाटायचं आणि तिचं तोंड सुटायचं. दुसऱ्या दिवशी तीच तांब्याभर ताक घेऊन दारात उभी. भांडं हळू ठेवायचं, मुलांना दटावायचं, दार ओढून घ्यायचं, असं तिच्या लहरीचा अदमास घेत जगणं हेच माझं रोजचं काम होऊन बसलं. एरवी ‘कमळे’ म्हणणारी पारू बिथरली की मला ‘मास्तरीणबाई’ म्हणे, ‘तुमी’ म्हणे. आदराचा एवढा धाक मी दुसरीकडे कुठे अनुभवला नाही. मी मात्र शिव्या खातानाही तिला ‘तू’च म्हणत राहिले. आमच्या मैत्रीतलं तेवढंच माझ्या हाती उरलं होतं.

आधल्या आठवड्यात तिने माझ्या वाळत घातलेल्या पापडांवर मोरीचं पाणी फेकलं होतं. म्हणून यंदा तिला बोलावलं नाही. एकटीच ओतत होते, एकटीच घोटत होते, आणि चीक बुडाला लागत होता. तेवढ्यात ती आली.

“सरक, कमळे. नुस्त्या गुठळ्या करून राह्यली. मला हाक मारता येत न्हाई का?”

जणू काही झालंच नव्हतं. मी पाट पुढे केला आणि म्हणाले, “बसा. तुम्ही हाटा, मी ओतते.”

तिचा हात थांबला. “मला तुमी म्हणून राह्यली?”

रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. भांडून मिटलं असतं. पण माझ्यात राग नव्हताच. ‘चुकून गं’ म्हणायला हवं होतं, तेही तोंडातून निघेना. चीक कुणासाठी थांबत नाही. तिने हाटला, मी ओतला. कुरडया पांढऱ्याशुभ्र पडल्या. पाणीही न पिता ती गेली.

त्यानंतर भिंतीपलीकडून आवाज आला नाही, ना शिवीचा, ना हाकेचा. इतके महिने मागितलेली ती शांतता मला गोड लागली, आणि ती गोड लागली म्हणूनच, कुरडया उलटवताना, मला रडू आलं.