विलासची माशी

मासे धरायला जाणाऱ्यांकडे मासे कमी आणि किस्सेच जास्त जमतात. कतारला, दोह्यात आमचंही तेच झालं. ऑक्टोबरात उकाडा जरा निवला की शुक्रवारी दुपारनंतर आम्ही तिघं समुद्रावर. हमीदचाचा रत्नागिरीचे, कंपनीत स्टोअरकीपर. विलास साताऱ्याकडचा ड्रायव्हर. मी अकाउंट्समधला, आणि पक्का शाकाहारी! मासे धरणार ते दोघं, खाणार ते दोघं, मत देणार मी.

*

चाचा गळाला खरं आमिष लावत नसत. पूर्वीच्या एका गोऱ्या साहेबाने त्यांना पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी बनवायला शिकवलं होतं. फरीज बिन ओमरान भागातल्या आमच्या गच्चीवर कबुतरांची पिसं फुकट मिळायची, दोरा खालच्या टेलरकडे. एकदा त्यांना चमक कमी वाटली, म्हणून मी बायकोच्या जुन्या शालूची जर काढून दिली. 'जुना' हे माझं मत होतं! त्या माशीला मासे झकास लागले, पण घरी आठवडाभर माझ्याशी कोणी बोललं नाही.

*

माशी निवडायला आम्हाला मासा धरण्यापेक्षा जास्त वेळ लागे. पाणी गढूळ तर भडक माशी, निवळ तर फिकट, ऊन कललं की काळी. हे चाचांचे नियम, आणि प्रत्येकाला माझी हरकत. एकदा वाद इतका रंगला की सूर्य बुडाला, तरी गळ कोरडाच. "यल्ला, खलास," म्हणत चाचांनी माश्यांचा डबा मिटला. तिघंही खुशीत घरी आलो.

*

चाचांचा मासा पाण्याबाहेर आल्यावरही वाढायचा. किनाऱ्यावर वीतभर, गाडीत हातभर, आणि शनिवारी ऑफिसात तो दोघांनी उचललेला असायचा! मी टोकलं तर शांतपणे म्हणाले, "मेला म्हणून काय त्याने वाढू नये?"

*

विलास अगदी उलटा. खोटं त्याच्या तोंडून निघतच नसे. त्याला येऊन वर्ष झालं होतं, सुट्टी मिळायला अजून वर्ष होतं, आणि मासा एकही लागला नव्हता. गावाकडे पाच वर्षांची राणी. दर शुक्रवारी फोनवर तिचा एकच प्रश्न, "पप्पा, घावला का मासा?" हा म्हणे, "न्हाई गं." आम्हाला फार वाईट वाटायचं.

एकदा चाचांनी बाजारातून मासा विकत आणला. म्हणाले, सांग तिला, धरला म्हणून. विलासने त्याला हातही लावला नाही.

आणि माशी? डब्यातली सगळ्यांत बेढब असेल ती तो उचलायचा. "ह्या माशीला मासा काय, मच्छर पण येणार नाय," चाचा म्हणायचे. हा हसून तीच लावायचा.

*

शेवटी चाचांना राहवेना. विलास गाडीतून पाणी आणायला गेला, तेवढ्यात त्यांनी त्याच्या गळावरची माशी बदलून जरीची लावली. थोड्या वेळाने विलासची काठी अशी वाकली की मीही धावलो. हामूर, आखातातला मानाचा मासा! तोही खरोखर दोघांनी ओढावा लागला असा! मी शाकाहारी माणूस, पण नाचलो.

विलास तेवढा नाचला नाही. आनंदाने सुचत नसेल, असं आम्हाला वाटलं. चाचांनी त्याचाच मोबाइल घेऊन गावी फोन लावला, स्पीकर चालू केला आणि राणीला सांगून टाकलं, पप्पांना मासा मिळाला.

पलीकडे नुसता गोंधळ. राणी आईला ओरडून सांगत होती, पप्पा येणार, पप्पा येणार. मग धापा टाकत फोनवर आली.

"पप्पा, मोठा हाय न्हवं? मोठा मासा घावला की लगीच येतो म्हणला हुतास."

विलासच्या दोन्ही हातांत हामूर मावत नव्हता. त्याने चाचांकडे पाहिलं.

चाचांनी फोन स्वतःच्या तोंडाजवळ नेला.

"कुठला मोठा, बेटा," ते म्हणाले. "बोटाएवढा आहे."