चहासाठी पाडलेली कमान

परदेशातल्या आमच्या शुगर लँड गावच्या मराठी मंडळात लतिका सबनीसला न ओळखणारा माणूस सापडणार नाही, पण तिचे पाय कुणी पाहिले असतील असं मला वाटत नाही. तिच्यापुढे कायम जेवणाचं टेबल असतं. संक्रांत असो, गणपती असो की दिवाळी, टेबलापलीकडे ॲप्रन बांधून, हातात डाव घेऊन लतिका उभी. आम्ही सगळे रांगेने जातो, ताट पुढे करतो, "काकू, थोडंच हं" म्हणतो आणि भरपूर वाढून घेतो. ती स्वतः कधी जेवते, हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

मी तिची शेजारीण, राधिका. माझे गुडघे केव्हाच कामातून गेले, तोंड तेवढं शाबूत आहे.

गेल्या गणपतीत मंडळाने तिचा सत्कार केला. ॲप्रनवरच शाल पांघरली, "आमच्या अन्नपूर्णा" म्हणून अध्यक्ष सुमंत माइकवर गहिवरला आणि त्याच गहिवरात पुढे म्हणाला, "आता काकूंना लवकर सोडू या, नाहीतर मसालेभात खाली लागेल." सगळे हसले. लतिकाही हसली. परत येताना मात्र ती माझ्या गाडीत शालीची घडी घालत, मोडत बसली होती. घराच्या वळणावर एकदम म्हणाली, "राधिका, लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवाव्यात असं मला फार वाटतं. पण भात चांगला झाला म्हणून नकोत."

त्यामुळे मंडळाने उन्हाळ्यासाठी पाच किलोमीटरची शर्यत जाहीर केली, तेव्हा पहिलं नाव हिने दिलं. वय एकसष्ट. आयुष्यात पळाली ती फक्त दूध उतू जाताना.

बेलव्ह्यूला राहणाऱ्या तिच्या लेकीने, केयाने, भगव्या रंगाचे बूट पाठवले आणि फोनवर सांगितलं, "आई, जस्ट डोन्ट स्टॉप. आणि मला फिनिश लाइनचा फोटो हवाय, ओके? प्रॉमिस मी." केया स्वतः मोठमोठ्या शर्यती पळते. तिच्या घरात भिंतभर तसले फोटो आहेत, दोन्ही हात वर केलेले, वर कमान. लतिकाला असा एक फोटो हवा होता. बाकी काही नको.

सराव सुरू झाला. इथली हवा म्हणजे इडलीपात्राचं झाकण उघडल्यासारखी. सकाळी उजाडायच्या आत लतिका कॉलनीत पळायची आणि मी एसी लावून गाडीने तिच्या मागोमाग जायचे, चक्कर आली तर उचलायला. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या एका आजोबांनी तिला थांबवून हळूच विचारलं, ती गाडी तुमचा पाठलाग करतेय का, पोलिसांना बोलावू का? तेव्हापासून मी घरीच चहा घेत वाट पाहू लागले. पण बाई हटली नाही. आधी टपालपेटीपर्यंत, मग शाळेपर्यंत, मग शाळेला वळसा घालून. मे महिन्यात एकदा ती न थांबता पूर्ण अंतर पळाली आणि माझ्या दारात येऊन बेलवर बेल वाजवत राहिली. मी दार उघडलं तर तिला बोलताच येईना, नुसती हसत होती.

शर्यतीच्या दिवशी ऊन चढायच्या आत पळायचं म्हणून आम्हाला भल्या पहाटे तळ्याकाठच्या पार्कात बोलावलं होतं. आम्ही पोहोचलो. सुमंत आणि माइक आधीच पोहोचले होते. हवा भरलेली निळी कमान उभी होती, तिच्यावर मोठ्या अक्षरात 'समाप्ती'. लतिकाने तिच्याकडे असं पाहिलं की मला उगाच भरून आलं.

मग कळलं की छातीवर लावायचे नंबर आणलेत, पण पिना विसरल्या. "काकू, पिन आहे का?" सुरू झालं. लतिकाच्या पर्समध्ये सेफ्टी पिनांचा अख्खा झुबका. तिने सगळ्यांना वाटल्या, स्वतःला एकच उरली. तिचा नंबर एका कोपऱ्यावर लोंबत राहिला.

नंतर दीपप्रज्वलन. वाऱ्यात समई टिकेना. सुमंत, खजिनदार आणि प्रायोजक दातांचे डॉक्टर असे तिघे ओंजळ करून उभे. मग सत्कार. आता सत्काराशिवाय आपल्याकडे पानसुद्धा हलत नाही, हे मान्य. पण पुण्याहून यायच्या शाली आल्या नव्हत्या. तेव्हा सुमंतला एक कल्पना सुचली. शर्यत पूर्ण करणाऱ्यांसाठी आणलेली मेडल्स त्याने पाहुण्यांच्या गळ्यात घालायला सुरुवात केली. डॉक्टरांना मेडल, डॉक्टरांच्या पत्नीला मेडल, विम्याच्या एजंटला मेडल, माजी अध्यक्षांना, त्यांच्या आधीच्या माजी अध्यक्षांना. लतिकाचा नवरा, संजयभावजी, पार्किंग सांभाळायला उभे होते. त्यांनाही बोलावून एक घातलं. भावजी खूश! तोवर सूर्य डोक्यावर आला आणि पळायला आलेल्यांपैकी निम्मे लोक झाडाखाली आडवे झाले.

एकदाची शिट्टी वाजली. रस्ता दाखवायला आदल्या संध्याकाळी मंडळाच्या बायकांनी रांगोळीचे बाण काढले होते, प्रत्येक बाणापुढे कमळ. पहाटे पार्काचे स्प्रिंकलर सुरू झाले आणि बाण, कमळं, सगळं गवतात गेलं. पुढे होता ओजस, नुकताच कॉलेजमधून बाहेर पडलेला, हरणासारखा. तो स्वच्छतागृहापाशी डावीकडे वळला, म्हणून सगळे वळले, आणि माझी खुर्चीत नीट बैठक बसते न बसते तोच अख्खा कळप कमानीतून परत आला.

"वॉव! रेकॉर्ड!" सुमंत माइकवर ओरडला.

"अरे, रेकॉर्ड कसला," मी म्हटलं, "यांनी तळं पाहिलं तरी का?"

ओजस म्हणाला, "आंटी, आय थॉट इट वॉज शॉर्ट." पण टाळ्या वाजल्या, फोटो निघाले, विषय संपला.

लतिका मात्र कळपात नव्हती. ती सगळ्यात मागे होती. ती वळणापर्यंत पोहोचली तेव्हा पुढचे दिसेनासे झाले होते, म्हणून ती ठरल्याप्रमाणे सरळ तळ्याच्या कडेने गेली. म्हणजे खरी शर्यत त्या दिवशी एकटी तीच पळत होती, आणि हे तिला माहीतही नव्हतं.

इकडे नाश्त्याची वेळ झाली. पार्कात विजेचा प्लग एकच. त्यावर कमानीत हवा भरणारा पंखा चालू होता, आणि चहाचं मोठं इलेक्ट्रिक भांडं वायर लोंबकळत थंडगार बसलं होतं. सुमंत प्लगकडे निघाला. मी छत्री आडवी धरली.

"सुमंत, हात लावू नकोस. लतिका यायची आहे."

"काकू? त्या किचन टेंटमध्ये असतील ना."

"ती पळते आहे!"

"मावशी, काहीतरीच काय. लोक चहासाठी थांबलेत यार, दोन मिनिटं काढतो फक्त."

चहा की कमान, असा सवाल मराठी माणसापुढे टाकला तर काय होणार? त्याने प्लग ओढला. कमान आधी कमरेत वाकली, मग 'समाप्ती' हळूहळू जमिनीवर आली आणि वाळत घातलेली गोधडी खाली पडावी तशी पसरली. चहा उकळू लागला. सगळे पाठ करून रांगेत उभे राहिले.

आणि तेव्हा तळ्याच्या वळणावर भगवे बूट दिसले.

ती येत होती. चेहरा टोमॅटोसारखा, केस चिकटलेले, नंबर एका पिनेवर फडफडतोय, पण पळत होती, चालत नव्हती. शेवटच्या टप्प्यात तिने दोन्ही हातही वर केले. मग समोर पाहिलं आणि हात खाली आले.

"राधिका," ती धापा टाकत म्हणाली, "फिनिश लाइन कुठाय?"

"तू तिच्यावरच उभी आहेस गं."

तिने पायाखालच्या निळ्या कापडाकडे पाहिलं. लतिकाला मी लेकीच्या पाठवणीतही रडताना पाहिलं नव्हतं. तिथे ती रडली, घाम पुसल्याचं दाखवत. मला त्या चहाच्या भांड्यात सुमंतला बुडवावंसं वाटलं.

तेवढ्यात सुमंत धावत आला. त्याच्या हातात झारा होता.

"काकू! कुठे होता तुम्ही? पोहे पार कोरडे झालेत, लोक कुरकुर करतायत. जरा बघता का प्लीज?"

आणि त्याने झारा तिच्या हातात दिला. तिने तो घेतला, सवयीने. तो हातात धरून ती टेबलाकडे निघाली आणि मी कपाळाला हात लावला. आता ही ॲप्रन बांधणार, पोह्यांवर पाण्याचा हबका मारणार, आणि संपलं.

लतिका टेबलापाशी गेली. झारा तिने सुमंतच्या हातात परत ठेवला. एक कागदी प्लेट उचलली, वळसा घालून टेबलाच्या अलीकडे आली आणि डॉक्टर, डॉक्टरांच्या पत्नी, दोन्ही माजी अध्यक्ष, या सगळ्या मेडलांच्या पुढे जाऊन उभी राहिली.

"वाढ," ती म्हणाली.

"आँ?"

"अख्खं तळं पळून आले आहे, सुमंत. वाढ."

कुणीतरी तिच्या बुटांकडे पाहिलं, मग लोंबणाऱ्या नंबराकडे, मग सगळ्यांनीच पाहिलं. मी टाळ्या वाजवायला लागले. एकटीने वाजवलेल्या टाळ्या वेडगळ वाटतात, पण मी थांबले नाही. मग संजयभावजींनी वाजवल्या. त्यांनी घाईघाईने गळ्यातलं मेडल काढून तिच्यापुढे धरलं. "राहू दे," ती म्हणाली, "तुम्ही पार्किंग चांगलं केलंत." मग ओजसने वाजवल्या, अगदी मनापासून, आणि मग रांगेतल्या सगळ्यांनी.

सुमंतने पोहे वाढले. अर्धे टेबलावर सांडले, झारा कसा धरतात हे त्याला ठाऊकच नव्हतं. मी फोटो काढला आणि केयाला पाठवला. लगेच उत्तर आलं: "वेट, व्हेअर इज द फिनिश लाइन?"

लतिकाने माझ्या खुर्चीत बसून पोहे खाल्ले. मीही दोन घास घेतले. कोरडे ठणठणीत, मिठाचा पत्ता नाही. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले, आता बोलेल, मग बोलेल. ती एक अक्षर बोलली नाही. प्लेट पुसून खाल्ली, उठली, टाळ्या वाजवून दमलेल्या त्या रांगेच्या पुन्हा पुढे जाऊन उभी राहिली आणि सुमंतपुढे प्लेट धरली.

"थोडंच हं," ती म्हणाली.