पाणी काढलंय

वखारीत त्याला सगळे 'ठणठणीत' म्हणत. कसे आहात, असं कुणीही विचारलं की त्याचं एकच उत्तर ठरलेलं. उजव्या हाताची करंगळी करवतीखाली गेली, त्या दिवशीही हाताला फडकं गुंडाळून दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या त्याने मालकांना हेच सांगितलं होतं. असल्या माणसाला मदत करायची तरी कशी? लोक पुन्हा विचारायचं सोडून देतात, आणि त्यात लोकांचा काही दोष नसतो.

उभा जन्म त्याने लाकूड कापलं. नजर अधू झाली तेव्हा मालकांनी त्याला मशीनवरून उतरवून राखणीला ठेवलं. मग बायको गेली. भाड्याच्या दोन खोल्या त्याला खायला उठल्या, म्हणून तो वखारीच्या फाटकाजवळच्या केबिनमध्ये राहायला आला. एक खाट, एक खिडकी, मागे प्लायवूडची न्हाणी आणि छपरावर पाण्याची टाकी. वखारीत काडी ओढायची नाही हा मालकांचा पहिला नियम, त्यामुळे चूल नाही की स्टोव्ह नाही. जेवण डब्याचं आणि आंघोळ गार पाण्याची. थंडीत दातांवर दात आपटत, पण विचारलं की स्वारी ठणठणीत.

बायको होती तेव्हा रोज सकाळी न्हाणीतून तिची हाक यायची. "पाणी काढलंय, गार होतंय!" पांघरुणातून मुलगी ओरडायची, "आले!" आणि कूस बदलून पुन्हा घोरायला लागायची. तीन हाका झाल्याशिवाय ती पोर कधी उठली नाही. तोवर बादली कोमट झालेली असे. मग आई त्यात आणखी तपेलीभर कढत पाणी ओतायची आणि पुटपुटायची, "सासरी कोण काढून देणार आहे हिला पाणी, देव जाणे."

मुलगी सासरी गेली ती पार लांबच्या शहरात. आई गेल्यावर बाळंतपणही तिकडेच झालं. नातू त्याने फक्त फोनवर पाहिला होता, त्यातही निम्मा वेळ नुसतं कपाळ दिसायचं.

थंडीच्या तोंडावर मुलीचा फोन आला.

"बाबा, बाळाला घेऊन आठवडाभर यावं म्हणतेय. पण तिथे गरम पाण्याचं काय?"

"तू ये तर खरी. पाण्याचं मी बघतो."

"नक्की ना? नाहीतर ठणठणीत म्हणत बुचकळाल त्याला गार पाण्यात."

त्याच दुपारी तो हीटर घेऊन आला. दुसऱ्या दिवशी वायरमन आला. त्याने केबिनमधली वायर दोन बोटांत धरून बघितली आणि मान हलवली.

"काका, हिच्यावर बल्ब लागतोय हेच नशीब समजा. हा हीटर तिला एका घासात खाईल."

करवतीच्या बोर्डापासून त्याने जाड केबलची वेगळी लाइन ओढली, हीटरसाठी वेगळा स्विच बसवला, अर्थिंग तपासलं. न्हाणीच्या प्लायवूडमध्ये स्क्रू धरेना, तेव्हा ठणठणीतने सागाची फळी रंधा मारून दिली आणि हीटर तिच्यावर बसला. तो होता विटेपेक्षा जरासा मोठा.

"याची टाकी कुठंय?" ठणठणीतने विचारलं.

"याला टाकी नसतेच, काका. साठवणं याला माहीतच नाही. नळ सोडला की पाणी जाता जाता तापतं. नळ बंद की हाही बंद. मागितल्याशिवाय देणार नाही आणि मागितल्यावर थांबणार नाही."

"भलताच मानी दिसतोय."

आधी पाणी सोडून नळीतली हवा काढली, मग स्विच लावला. हीटरचा दिवा काही लागला नाही. वायरमनने नळ पूर्ण सोडला. पाणी आलं ते करंगळीएवढ्या धारेने, आणि गारच.

"धार कमी पडतेय," तो म्हणाला. "टाकी याच्या डोक्यावरच बसलीय ना. जोर नसला तर हा तापतच नाही. टाकी चांगली पुरुषभर उंच न्यावी लागेल."

"म्हणजे बिनटाकीच्या हीटरसाठी टाकी वर चढवायची? नवरदेव हा, आणि घोडं मी?"

कुरकुरला खरा, पण मनातून तो खूश होता. किती दिवसांनी हाताला काम मिळालं होतं. त्याने पडून राहिलेले चौकोनी वासे निवडले आणि केबिनच्या मागे चार पायांचा मनोरा उभा केला. मशीनवरच्या गड्यांनी रिकामी टाकी दोरांनी वर ओढली. उरलेल्या लाकडाचा त्याने एक पाट केला, मुलीला बाळ न्हाऊ घालताना बसायला. कडा इतक्या घासल्या की कुसळ टोचायची सोय उरली नाही.

टाकी भरली, वायरमन पुन्हा आला आणि नळ सोडला. दिवा लागला आणि जरा वेळाने पाण्यातून वाफ आली. ठणठणीतने दोन्ही हात धारेखाली धरले. कुणीतरी आपल्यासाठी पाणी तापवलंय असं त्याला क्षणभर वाटलं आणि भडभडून आलं. वायरमन शहाणा होता. तो पक्कड शोधायला बाहेर गेला.

संध्याकाळी त्याने मुलीला फोन लावला.

"बसला बघ हीटर. कढत पाणी येतंय."

"खरंच? बरं झालं बाई. तुमच्या गार पाण्याच्या आंघोळीचीच काळजी होती मला, म्हणून तर तुम्हाला बघायला येणार होते. आता जीव भांड्यात पडला." मग ती जरा घुटमळली. "मग बाबा, एवढ्यात नाही आले तर चालेल का? बाळाचे दात येतायत, फार चिडचिड करतो. उन्हाळ्यात बघू. तुम्ही बरे आहात ना?"

"मी? ठणठणीत."

फोन ठेवल्यावर आपण काय बोलून बसलो ते त्याला कळलं. गडी घरी गेले होते, फाटकाला कुलूप लागलं होतं. तो न्हाणीत जाऊन नव्या पाटावर बसला. एकटेपणा त्याला नवा नव्हता, पण आज तो फार झोंबत होता. पोरीने विचारलं होतं, चालेल का. नाही चालणार, एवढे दोन शब्द त्याच्या तोंडातून फुटले नव्हते. वरच्या टाकीत पाणी होतं, तारेत वीज होती, आणि हीटर आपला गप्प लटकलेला.

त्याने नळ सोडला. बादली भरेपर्यंत तो दिव्याकडे बघत राहिला. मग त्याने पुन्हा फोन लावला.

"काय झालं बाबा?"

"काही नाही." नेहमीचा शब्द जिभेवर आला होता, तो त्याने गिळला. "पाणी काढलंय. गार होतंय."

पलीकडे बाळ किरकिरत होतं. मग मुलीने नाक ओढलं.

"आले," ती म्हणाली.

तिचं 'आले' त्याला चांगलंच ठाऊक होतं. तीन हाकांशिवाय ते खरं होत नसे. बादली कोमट व्हायच्या आत त्याने आंघोळ उरकली, अंग पुसलं, आणि दुसरी हाक उद्या सकाळी मारायची असं ठरवून टाकलं.