चार दिवस जास्तीचे ठेवा

माझी वहिनी पासेमेता हिचं घर फुनाफुती बेटाच्या विमानांच्या धावपट्टीला लागून आहे. मागच्या तीन खोल्या ती पाहुण्यांना द्यायची. आमच्या एवढ्याशा बेटांच्या देशात बाहेरून येणारी माणसं मुळात थोडी, त्यातली बरीचशी सरकारी कामाची. नुसते फिरायला येणारे मात्र वहिनीकडेच उतरत, कारण ती प्रत्येकाला आधीच नीट लिहून कळवायची:

व्हिसा आधी काढायला नको, उतरलात की महिनाभराचा शिक्का मिळतो. परतीचं तिकीट मात्र हवंच. कुठे उतरणार असं विचारलं तर माझं नाव सांगा. पैसे रोख आणा. गुडघे झाकणारे कपडे घाला. रविवारी गाव शांत असतं, तुम्हीही शांत राहा. एरवी धावपट्टीवर सगळं गाव फिरतं, पण विमान यायचा भोंगा वाजला की बाजूला व्हा. आणि जाताना-येताना चार दिवस जास्तीचे ठेवा. पावसाचं पाणी साचलं तर विमान वरच्या वर घिरट्या घालून फिजीला परत जातं.

माझा थोरला भाऊ तौआती चेष्टा करायचा, "सगळ्या जगाला आत कसं यायचं ते ही शिकवते. हिला मात्र कुणी आत घेत नाही."

त्यात खोटं काही नव्हतं. त्यांची एकुलती मुलगी मेलाली ऑकलंडला वृद्धाश्रमात काम करते, परक्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालते, भरवते. तिच्याजवळ राहायला जावं म्हणून वहिनीनं अर्ज केला होता. तपासणीत साखर निघाली आणि नकार आला. दादानं तर अर्जच केला नाही. जन्मभर बोटीवर काढलेला माणूस, म्हणाला, "मी सगळी बंदरं बघून आलोय. आता इथेच बरा."

मग त्याची मूत्रपिंडं गेली. फिजीच्या इस्पितळात न्यावं म्हटलं, तर डॉक्टर म्हणाले, आता प्रवास झेपायचा नाही, मुलीला बोलावून घ्या. वहिनीनं फोन लावला.

"आई, आठवडाच मिळालाय," मेलाली म्हणाली.

"थोडे जास्तीचे माग की गं."

"ते तुझ्या पाहुण्यांना सांग. मला मागता येत नाहीत. मागितले तर नोकरीवर पाणी सोडावं लागेल."

ती यायची त्या दिवशी पहाटेपासून पाऊस लागला होता. भोंगा वाजला. पोरांनी कुत्री हाकलली, मोटारसायकली बाजूला झाल्या. दादा खिडकीपाशी चटईवर पडला होता, मी त्याचे पाय चोळत होते. ढगांवरून आवाज आला, लांब गेला, पुन्हा आला. वहिनी दारात वर बघत उभी होती. मग आवाज दक्षिणेकडे गेला आणि परतला नाही.

"आली का गं?" दादानं विचारलं.

वहिनी आत आली. "आली. सामान घेतेय."

"तिला सांग, आधी डोकं पूस म्हणावं. ओल्या केसांनी बसते आणि मग शिंकत राहते."

"सांगते."

वहिनीनं त्याची चादर सारखी केली. मग तो म्हणाला, "पासे, मी खलाशी होतो. इंजिन उतरतंय की निघालंय, हे मला कळत नसेल होय?"

त्यानं भिंतीकडे तोंड केलं. वहिनी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

आमच्याकडे माणूस गेला की फार थांबता येत नाही. अंगणातच, त्याच्या आईशेजारी, त्याला पुरलं. पाऊस मात्र तसाच चालू राहिला. विमान उतरलं तेव्हा मेलालीचा आठवडा जवळजवळ सरला होता. तिच्याबरोबर वहिनीकडे उतरणारा एक बेल्जियमचा म्हाताराही आला. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. मोठ्या आनंदानं वहिनीचा हात हातात घेऊन म्हणाला, "बाई, तुमचं ऐकलं म्हणून बरं झालं! जास्तीचे दिवस हाताशी होते, नाहीतर मी आलोच नसतो."

"बरं केलंत," वहिनी म्हणाली. "तुमची मधली खोली. पाणी टाकीतलं आहे, जपून वापरा."

मग ती लेकीकडे वळली. मेलाली अंगणातल्या कबरीवरच्या पांढऱ्या खड्यांकडे, त्यांवरच्या कोमेजलेल्या फुलांकडे बघत होती.

"त्या दिवशीचं विमान ऐकलं त्यानं?"

"ऐकलं."

"काही म्हणाला?"

वहिनी फुलं सारखी करायला वाकली. मीच म्हणाले, "आधी डोकं पूस म्हणाला."

मेलाली बॅगेसकट खाली बसली. म्हाताऱ्याच्या लक्षात आलं असावं. टोपी काढून तो तसाच उभा राहिला.

परतीचं विमान तिला चुकवता येणार नव्हतं. निघायच्या सकाळी वहिनीनं नारळाच्या दुधातला मासा आणि भात केला. मेलालीनं ते नुसतं चिवडलं.

"आई, पुन्हा अर्ज करू. या वेळी नीट करू."

"साखर काय अर्ज बघून कमी होते का गं? वाढलीय आता."

"मग मी इथे येऊन राहू?"

"येऊन खाणार काय? घर तुझ्याच पगारावर चाललंय." वहिनीनं तिच्या पानातला मासा फडक्यात बांधून दिला. "जा. भोंगा वाजेल."

त्यानंतर वहिनीनं खोल्या देणं बंद केलं. लोक अजून विचारतात, व्हिसा लागतो का, कार्ड चालतं का. ती उत्तर देत नाही. मोठ्या भरतीला अंगणात जमिनीतूनच खारं पाणी वर येतं, दादाच्या कबरीभोवती घोटाभर साचतं. आम्ही सिमेंटचा कठडा घातला, तर पाणी आतून आलं. परसातले पुलाकाचे, म्हणजे आमच्या मोठ्या अळूचे, कंद कुजून गेले.

मेलाली दर रविवारी फोन करते. पुढच्या वर्षी येते म्हणते. वहिनी हो म्हणते.

परवा वहिनीच्या पायाला शिंपला लागला. साखरेमुळे जखम भरत नाही, काळी पडली आहे. डॉक्टर फिजीला न्या म्हणतात. मी तिची पिशवी भरायला घेतली.

"राहू दे," ती म्हणाली. "या पायानं मला कुठे जायचंय?"

मी कपडे परत कपाटात ठेवले.