गुडघ्याएवढ्या उंचीवरचे बाण

कोपरा आला की काकाजी थांबायचे. आपल्याच गावात, आपल्याच गल्लीत, कालच पाहिलेल्या भिंतीकडे नवख्या माणसासारखे टकामका बघायचे आणि म्हणायचे, "इथं अडकते पाहुणा." मग पिशवीतून गेरूचा डबा आणि कुंचला निघायचा. भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर एक ठसठशीत लाल बाण उमटायचा. घरमालक आतून ओरडायचा, "काकाजी, आमची भिंत काय शाळेची पाटी आहे का?" तोवर काकाजी पुढच्या कोपऱ्यावर गेलेले असायचे.

भाड्याची घरं दाखवणारा माणूस तुमच्याही गावात असेल. तो आधी तुमच्याकडून चहा उकळतो, मग भर उन्हात तुम्हाला चार गल्ल्या फिरवतो, आणि शेवटी जे घर दाखवतो ते कालच गेलेलं असतं. आमच्या पांढुर्ण्याचे काकाजी तसले नव्हते. बदली होऊन आलेला मास्तर नाहीतर कारकून बसस्टँडवर उतरला की लाल बाण त्याला थेट रिकाम्या खोलीशी नेऊन सोडत. किल्ली शेजारणीकडे असे आणि दारावर खडूने सगळं लिहिलेलं असे.

ब्याऐंशी-त्र्याऐंशी साल असेल. मीही सौंसरहून मास्तरीण म्हणून आले ती अशीच, एका हातात ट्रंक आणि काखेत वळकटी. बाण बघत दाराशी पोचले तर दारावर लिहिलेलं: 'विहीर मागे. वारा चांगला. पावसात स्वयंपाकघर गळते.' एवढा खरेपणा बघून मी हबकलेच! आणि बाई, तीच खोली घेतली.

काकाजी भेटले तेव्हा मी विचारलं, "बाण इतके खाली काहून काढता? गाई चाटून जातात."

"हातात ट्रंक असली का माणसाची मान खाली राह्यते, बाई. वर कोण पाहून राहिलं? पाहुण्याले विचारा लागलं, म्हंजे आपलं चुकलं."

हे त्यांचं पालुपद होतं. खोली गेली की त्याच दिवशी ते ओला फडका घेऊन निघायचे आणि बाण पुसून यायचे. एकदा तापाने फणफणले आणि पुसायचं राहिलं. पोरांनी त्या बाणांना आपले चार बाण जोडले. नवे आलेले जनावरांचे डॉक्टर बाण धरून चालत गेले ते थेट एका लग्नाच्या मांडवात. तिथे त्यांना वरपक्षाचे समजून आग्रहाने बसवलं. डॉक्टर बुंदी खाऊन खुशीत बाहेर आले. आम्ही हसून हसून बेजार झालो. काकाजी मात्र तापातच डॉक्टरांकडे गेले आणि हात जोडून म्हणाले, "माफ करा साहेब, तुमाले खोट्या दारात नेलं." तेव्हा मला वाटलं, एवढं काय मनाला लावून घ्यायचं!

पण एक गोष्ट मला खटकत होती. स्टेशनाकडून येणाऱ्या रस्त्यावर लाल बाणांच्या खाली आणखी एक रांग होती, कपड्याला देतात त्या निळीची. ती कधीच पुसली जात नसे. दिवाळीत लोक भिंतीला चुना मारायचे, दुसऱ्या दिवशी निळे बाण पुन्हा हजर. एका रविवारी मी त्या निळ्या बाणांच्या मागोमाग गेले, ती पोचले काकाजींच्याच दारात. काकू ओसरीवर तांदूळ निवडत होत्या.

"काय हो काकाजी, स्वतःचं घर विसरता की काय?"

काकू सूप घेऊन आत निघून गेल्या. काकाजी कुंचला पुसू लागले.

"पोट्ट्यासाठी आहे, बाई. दोनदा मॅट्रिक नापास झाला, तं भर बाजारात मी त्याच्या थोबाडीत मारली. म्हटलं, या दारात पुन्हा पाय नोको ठेवू. तसाच गाडीत बसून गेला. मंग मालकानं थे घरच पाडलं अन् आम्ही इकडं आलो. आता पोट्टा आला तं कोन्त्या दारात येईन?"

"अहो, विचारेल कोणालाही. तुम्हाला अख्खं गाव ओळखतं."

"थो नाही विचारत. लाजलेला माणूस विचारत नाही, बाई. मान खाली घालून येईन."

बाण इतके खाली का, ते मला त्या दिवशी कळलं.

पुढे एका वर्षी पोळा झाला आणि काकाजींनी अंथरूण धरलं. मी भेटायला गेले तर म्हणाले, "हे घर सुटन आता. तुमची काकू मोहगावले भावाकडे जाईन. बाण पुसजा, बाई. निळे बी. पाहुणा खोट्या दारात नोको उभा राहाले." तिसऱ्या दिवशी ते गेले.

काकूंना बसमध्ये बसवायला मीच गेले होते. खिडकीतून त्यांनी माझा हात धरला. "खरंच पुसाल का, बाई?" एवढंच म्हणाल्या आणि बस सुटली.

काकाजींच्या घरात नवं बिऱ्हाड आलं त्या दिवशी मी बादली आणि फडका घेऊन निघाले. शेवटच्या कोपऱ्यावरचा बाण पुसला. भिंत ओली झाली, रिकामी झाली, आणि मी टकामका बघत उभी राहिले. तोंडातून आपसूक निघालं, "इथं अडकते पाहुणा." तशीच घरी गेले, नीळ कालवली आणि त्या कोपऱ्यापासून बाण माझ्या दाराकडे वळवले. तो आला तर म्हणायचं, ये बाबा, हात-पाय धू, तुझी आई मोहगावला तुझी वाट बघते आहे.

अजून कोणी आलेलं नाही. दुपारची पॅसेंजर येऊन गेली की गल्लीत पावलं वाजतात, कोपऱ्यापर्यंत येतात आणि थांबतात. मी धावत जाऊन बघते तर चिटपाखरू नसतं. मग वाटतं, काकाजीच असतील, पाहुणा कुठे अडकतो ते बघत उभे. भीती वाटत नाही हो, रडू येतं.

यंदा सौंसरची बदली मिळत होती. घर, आई, सगळं तिथे. मी नको म्हणून कळवलं. सगळे विचारतात, काहून राहून राहिली त्या गळक्या खोलीत? काय सांगू? मी खोली सोडली, तर त्याच दिवशी बाण पुसावे लागतील.